प्रतिसाद: जोडण्यांचा नकाशा मिळाला, पुढे काय?

मेंदूतल्या सगळ्या चेतापेशींच्या जोडण्या कळल्या की मेंदू संगणकात चालवता येईल, असं तुम्ही म्हटलंय. इथे चेताशास्त्रज्ञ ईव्ह मार्डर यांचं काम बघायलाच हवं.

खेकडा आणि शेवंड यांच्या जठराच्या स्नायूंना ताल देणारी चेतापेशींची एक छोटी गाठ असते. पेशी जेमतेम तीसेक, कोण कुणाला जोडलेलं आहे हेही ठाऊक. मार्डर यांनी अख्खी कारकीर्द त्या गाठीला दिली. 2004 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या तालाचं तीन पेशींचं मॉडेल घेतलं आणि पेशींचे गुणधर्म, जोडण्यांची ताकद बदलत 2 कोटींहून जास्त आवृत्त्या संगणकावर चालवून पाहिल्या. लाखो आवृत्त्यांनी जवळपास तोच ताल दिला. आतले आकडे मात्र एकमेकांपासून कितीतरी लांब!

मला यातला एक धडा फार मोलाचा वाटतो. अनेक प्राण्यांत मोजमापं घेऊन त्यांची सरासरी मॉडेलमध्ये घातली, तर येणारी पेशी त्यातल्या एकाही खऱ्या पेशीसारखी वागेलच असं नाही. शिवाय डोपामिनसारखी रसायनं त्याच जोडण्यांमधून वेगळाच ताल काढून घेतात.

सी. एलिगन्स या इवल्याशा सूत्रकृमीचंच बघा ना. त्याच्या 302 चेतापेशींचा नकाशा 1986 मध्येच छापून आला. तरी त्याचं पूर्ण वागणं अजून संगणकात उतरलेलं नाही. नकाशा हवाच, त्याशिवाय सुरुवातच होत नाही. पण त्याच्या जोडीला जिवंत पेशींवरची मोजमापं लागतात, आणि तीही एकेका प्राण्यात वेगवेगळी घेतलेली.