भीती कशी गेली? तुमचे अनुभव लिहा

'घाबरू नको' म्हटल्यानं कुणाची भीती गेलेली मी तरी पाहिली नाही. तुमची कशी गेली? गेली नसेल तर तिच्यासोबत कसं निभावता? सुरुवात मीच करते.

30 सप्टेंबर 1993. औसा तालुक्यातलं माझं माहेर, मी सात वर्षांची. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. आमच्याकडची घरं दगडमातीच्या रुंद भिंतींची, वर माळवद म्हणजे लाकडी सपाट छत, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारेगार. त्याच ओझ्याखाली किल्लारी, सास्तूरकडं हजारो माणसं गेली. आमची एक भिंत कलली, आम्ही वाचलो.

पुढं घर नीट झालं तरी मी आत झोपेना. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की अंगणात पळायचे. आजी एकदाही रागावली नाही. तिनं माझ्यासोबत अंगणात बाज टाकली. महिन्याभरानं ती ओसरीवर घेतली, मग उंबऱ्याच्या आत. उशाशी पितळी तांब्या, काठोकाठ भरलेला. "पाणी हाललं तर पळायचं लेकरा, न्हाई हाललं तर झोपायचं." रात्री दचकून उठले की कंदिलाची वात मोठी करून पाणी बघायचे. पाण्यावर साधा तरंग नसायचा. धडधड माझ्याच छातीत असायची. हे कळायला कितीतरी रात्री लागल्या. आज लातूरला तिसऱ्या मजल्यावर राहते. तांब्या अजून उशाशी असतो.

परभणीहून
आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची, दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारातच जावं लागतं. चुलते मण्यार साप चावून गेले. चावल्याचं दुखत नाही, फारशी सूज येत नाही, म्हणून सगळे सकाळची वाट बघत बसले. त्यानंतर वर्षभर मी रानात पाय ठेवला नाही. मग एका सर्पमित्राकडून नाग, मण्यार, घोणस, फुरसे ओळखायला शिकलो. या चौघांच्या विषावर इंजेक्शन आहे. आता गमबूट, बॅटरी, काठी घेतो आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात ते आहे का, हे आधी विचारून ठेवतो. कृपा करून मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. अजूनही बांधावर काही सळसळलं की घाम फुटतो, पण पाणी देऊन येतो.

बीड जिल्ह्यातून
वडिलांना फोनच्या रिंगची भीती बसली होती. वसुलीचे फोन. शेवटी आम्ही दोघं वही घेऊन बसलो आणि कुणाचे किती, ते सगळं लिहून काढलं. आकडा मोठाच निघाला. पण त्या रात्री ते जेवले.

वसमतहून
ताई, आमच्याकडं जमिनीतून गूढ आवाज येतात. 21 मार्च 2024 ला सकाळी 4.5 तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला, तेव्हापासून माझी पोरगी मला बिलगूनच झोपते. तिला मी रोज "काही होत नाही" म्हणत होते. आज तांब्या घासून ठेवलाय, रात्री तिच्या हातानंच भरून घेते.