अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचा केएम (वेग कमालीच्या निम्मा होतो ती सब्स्ट्रेटची संहती) दर वेळी वेगळा का येतो?

ताम्हण: सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) पीएनपीपी, म्हणजे पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट; तुटलं की पिवळं नायट्रोफिनॉल सुटतं. 0.05 ते 2 मिलिमोलर. ग्लायसिन बफर, पीएच 10, एकूण 1 मिली. एन्झाइम पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेलं खारं बफर) पातळ करून 20 ते 50 मायक्रोलिटर घालतो. 15 मिनिटांनी 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड 0.1 मिली घालून थांबवतो आणि 405 नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं रीडिंग घेतो. सर्वांत कमी सब्स्ट्रेटच्या नळीत 0.6 येतं. लाइनविव्हर-बर्क आलेखावरून (1/वेग विरुद्ध 1/सब्स्ट्रेट) काढलेला केएम दर बॅचला हलतो, बहुतेकदा जास्तच येतो.

पिवळीनळी: त्या 0.6 मध्येच घोळ आहे. नायट्रोफिनॉलचा मोलर शोषणांक (1 मोलर द्रावणाचं 1 सेंमी जाडीत होणारं शोषण) साधारण 18,000 धरा, म्हणजे नळीत 33 मायक्रोमोलर. थांबवताना झालेली पातळाई हिशेबात घेतली की 37. सुरुवातीला होतं 50! पाऊण सब्स्ट्रेट संपल्यावर मिळतो तो सरासरी वेग, सुरुवातीचा नाही. सब्स्ट्रेटचा खर्च 10 टक्क्यांच्या आत ठेवायचा तर या नळीत रीडिंग 0.08 च्या वर जाऊ देऊ नका. एन्झाइम आणखी पातळ करा.

खरं तर थांबवायचीही गरज नाही. पीएच 10 ला रंग लगेच दिसतो, तेव्हा क्युव्हेटमध्येच दर 10 सेकंदांनी रीडिंग घ्या आणि सरळ भागाचाच उतार धरा.

झिंकवाला: पीबीएस आधी काढा. फॉस्फेट हा या एन्झाइमचा स्पर्धक रोधक, म्हणजे सब्स्ट्रेटची जागा अडवणारा. 10 मिलिमोलर फॉस्फेटचं पीबीएस 20 मायक्रोलिटर घातलं तर नळीत 0.2 मिलिमोलर फॉस्फेट, 50 घातलं तर 0.5. व्हीमॅक्स (कमाल वेग) तोच राहतो, केएम वर सरकतो, आणि घातलेल्या एन्झाइम-द्रावणाचं आकारमान बदललं की तोही बदलतो. ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) कुठेही नको, एन्झाइममधलं जस्त ओढून घेतं. ग्लायसिनही थोडं तेच करतं.

ताम्हण: मग बफर ट्रिस घेऊ का?

झिंकवाला: चालेल, पण पीएच 10 ला ट्रिसची बफर-क्षमता तोकडी पडते. डायइथॅनॉलअमाइन बरं, सोबत थोडं मॅग्नेशियम क्लोराइड. मात्र वेग वाढलेला दिसेल. फॉस्फेट आधी एन्झाइमच्या सेरिनला चिकटतं. तिथून ते उचलायला पाण्याच्या जोडीला ही अमिनो अल्कोहोलंही पुढे येतात. त्यामुळे वेगळ्या बफरमधले व्हीमॅक्स एकमेकांशी ताडू नका.

पिवळीनळी: आणि लाइनविव्हर-बर्क फक्त चित्रापुरतं ठेवा. व्यस्त घेतल्यावर सर्वांत डळमळीत बिंदूच रेषा ओढून नेतात. मूळ आकड्यांवर नॉनलिनिअर फिट करा. ब्लँक (एन्झाइम नसलेली नळी) प्रत्येक सब्स्ट्रेट पातळीला वेगळा, कारण जुनं पीएनपीपी आपोआप पिवळं पडतं. शेवटी एन्झाइम निम्मं करून बघा: वेग निम्मा झाला आणि केएम जागेवर राहिला, तर आकडा वहीत लिहा.