विषय: फेब्रुवारीची पिकनिक – बेचा कोणता बीच?

समितीकडून

नमस्कार मंडळी,

संक्रांतीचं हळदीकुंकू छान पार पडलं, आता सगळ्यांना पिकनिकचे वेध लागलेत. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आपल्या मेलबर्नच्या पोर्ट फिलिप बेच्या काठी जायचं एवढं ठरलं आहे. जागेवर मात्र एकमत होत नाही. कोणी राय म्हणतंय, कोणी सेंट किल्डा, कोणी ब्रायटनच्या रंगीत खोल्यांसमोर फोटो काढायचे म्हणतंय. दोन-तीन तरुण घरांना मॉर्निंग्टन पेनिन्सुलाच्या (द्वीपकल्पाच्या) मागच्या बाजूला, खुल्या समुद्रावर जायचं आहे.

यंदा बऱ्याच घरी भारतातून आई-बाबा आलेत. अगदी चालायला शिकलेली मुलंही आहेत, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना कायाक आणि पॅडलबोर्ड करायचं आहे. ज्यांना बीचची खरी माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

– पिकनिक समिती

चेल्सीहून

नमस्कार,

उन्हाळ्यात मी बीचवर लाइफसेव्हिंगची स्वयंसेवक असते, म्हणून जरा लांबलचक लिहिते. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी मागच्या बाजूच्या बीचबद्दल. राय, सोरेंटो, पोर्टसी या गावांना दोन-दोन किनारे आहेत. एक बेकडे तोंड केलेला, दुसरा बास सामुद्रधुनीकडे. मधे गाडीने काही मिनिटांचं अंतर, पण पाणी पूर्ण वेगळं. मागच्या बाजूला लाटा मोठ्या आणि रिपची, म्हणजे माणसाला आत खेचणाऱ्या प्रवाहाची, ओढ कायमची. १७ डिसेंबर १९६७ ला पोर्टसीजवळच्या चेव्हियट बीचवर ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट पोहायला उतरले आणि पुन्हा दिसलेच नाहीत. त्यांना तो किनारा चांगला परिचयाचा होता. आणि २४ जानेवारी २०२४ ला फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्हजला आपल्याच भारतीय समाजातले चौघे जण एका दुपारी बुडून गेले. तिथे लाइफसेव्हरची गस्त नव्हती. आपल्या मंडळात कित्येक मोठ्या माणसांना पोहता येत नाही. अशा गटाने खुल्या समुद्रावर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेचं पाणी वेगळं असण्याचं कारण तिच्या आकारात आहे. साधारण १,९३० चौरस किलोमीटरचा हा उपसागर पॉइंट नेपियन आणि पॉइंट लॉन्सडेलमधल्या जेमतेम तीन किलोमीटरच्या तोंडातून समुद्राला जोडलेला आहे. बाहेरच्या मोठ्या लाटा त्या तोंडाशीच मोडतात. आत सरासरी खोली १३ मीटरच्या आसपास, आणि भरती-ओहोटीचा फरक एक मीटरहूनही कमी. अलिबाग-काशीदला ओहोटीला समुद्र जसा लांब आत जातो तसं इथे होत नाही. त्या अरुंद तोंडाजवळ, म्हणजे पोर्टसी आणि क्वीन्सक्लिफच्या बाजूला, प्रवाह जोराचा असतो. म्हणून लहान मुलं घेऊन तिथे नको.

बेमध्ये लाटा उठतात त्या वाऱ्याने. त्यामुळे बीच निवडायचा तो नाव बघून नाही, त्या दिवशीचा वारा बघून. गणित सोपं आहे. सेंट किल्डापासून फ्रँक्सटनपर्यंतचा पूर्व किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा सुटला की तिथे पाणी खवळतं, गढूळ होतं, वाळू तोंडावर उडते. ड्रोमानापासून रायपर्यंतचा दक्षिण किनारा उत्तरेकडे बघतो, म्हणून दक्षिणेचा वारा असताना तिथे पाणी काचेसारखं शांत. उत्तरेचा गरम वारा आला की उलट होतं: तोच वारा अख्खी बे ओलांडून दक्षिण किनाऱ्यावरच्या रोजबडवर आदळतो, आणि समोर उत्तरेच्या काठावर आल्टोनाला पाणी सपाट असतं. उन्हाळ्यात चांगल्या हवेच्या दिवशीही दुपारनंतर खारे वारे वाढतात. म्हणून पाण्यातले खेळ सकाळी, जेवण आणि क्रिकेट नंतर.

मला विचाराल तर छोट्यांसाठी रोजबड आणि राय सगळ्यात उत्तम, अर्थात वारा बरा असेल तर. पाण्याखाली वाळूचे पट्टे लांबवर गेलेत. गुडघाभर पाण्यातून चालत जावं, मधे कमरेपर्यंत यावं, आणि पुढे पुन्हा घोट्याएवढं. ऊन वाळूपर्यंत पोचतं, पाणी कोमट लागतं, मुलं तासन् तास बसून राहतात. पण दोन पट्ट्यांच्या मधला तो खोलगट भाग चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जाऊ शकतो. बापाच्या कमरेला लागणारं पाणी मुलाला बुडवतं. लहान मूल पाण्यात असेल तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, काठावर खुर्चीत बसून लक्ष ठेवणं पुरत नाही.

थोड्या मोठ्या मुलांना बोमॉरिसच्या रिकेट्स पॉइंटला घेऊन जा. २००२ पासून ते सागरी अभयारण्य आहे. ओहोटीला खडकांमधली डबकी उघडी पडतात. त्यात मण्यांच्या माळेसारखं शेवाळ असतं, इथे त्याला 'नेपच्यूनचा नेकलेस' म्हणतात. कडेला खडकाला घट्ट चिकटलेले शंख, आणि नशीब असेल तर अकरा हातांची मोठी तारामासळी. बघायचं, हात लावायचा नाही, शिंपले गोळा करायचे नाहीत. तिथे त्याला बंदी आहे. शिवाय या बेच्या खडकांत निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस राहतो. तो मुलाच्या मुठीत मावेल एवढा असतो, पण त्याचं विष जीवघेणं आहे. रिकाम्या शिंपल्यात किंवा खडकाच्या फटीत बोट घालायचं नाही, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा. पायात बूट हवेतच.

आणखी एक. जोराचा पाऊस पडला की शहराच्या गटारांतलं सगळं पाणी बेमध्ये येतं. त्यानंतर एक-दोन दिवस पाण्यात उतरू नये. ईपीएचा, म्हणजे राज्याच्या पर्यावरण संस्थेचा, बीच रिपोर्ट उन्हाळ्यात बेच्या ३६ बीचसाठी पाण्याच्या स्वच्छतेचा अंदाज देतो, चांगलं, मध्यम की वाईट. आदल्या रात्री आणि सकाळी निघताना तो बघायचाच.

फेब्रुवारीचा शेवट निवडलात ते फार चांगलं केलंत. जानेवारीपेक्षा गर्दी कमी, आणि डिसेंबरपासून तापत आलेलं पाणी आता छान उबदार झालेलं असतं.

टार्नीटहून

चेल्सीच्या ताई, माहिती फार उपयोगाची आहे, धन्यवाद. पण दर वर्षी पिकनिक पूर्वेलाच का? आम्ही टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुकची मंडळी आता संख्येने कमी नाही. रविवारी सकाळी म्हाताऱ्या आई-वडिलांना गाडीत बसवून वेस्ट गेट ब्रिज ओलांडून रोजबडपर्यंत जायचं म्हणजे त्यांचा अर्धा दिवस प्रवासातच जातो.

माझा आग्रह जिलाँगच्या ईस्टर्न बीचसाठी आहे. आपल्या बेचाच एक भाग असलेल्या कोरायो बेच्या काठावर १९३० च्या दशकात बांधलेलं अर्धवर्तुळाकार कुंपण आहे, त्याच्या आत समुद्राचंच पाणी. भोवती लाकडी फळ्यांची वाट. पोहणारे पोहतात आणि त्या वाटेवरून आजी-आजोबा नातवंडांकडे बघत चालतात. वर उतारावर मोठ्या झाडांखाली हिरवळ, लहानांसाठी वेगळा उथळ तलाव, बार्बेक्यू. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना वाळूत चालणं जमत नाही. तिथे त्या स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत गेल्या. वाळूच्या बीचवर त्यांना सतरंजीवरच बसून राहावं लागलं असतं.

आल्टोनाही आमच्या बाजूचाच. वाळू सपाट, पाणी उथळ, मागे लांब हिरवळ, स्टेशन चालत जाण्याएवढं जवळ. वेरिबी साउथला आम्ही संध्याकाळी जातो, पण बीच अरुंद आहे, सगळं मंडळ तिथे मावणार नाही.

ब्लॅक रॉकहून

कायाकबद्दल मी लिहितो.

माझी पसंती हाफ मून बेला. लाल कड्याखाली छोटं वळण आहे, आणि समोर पाण्यात 'सेर्बेरस' ही जुनी युद्धनौका रुतून बसली आहे. व्हिक्टोरिया वसाहतीच्या संरक्षणासाठी ती १८७१ मध्ये इथे आली आणि १९२६ मध्ये लाटा अडवण्यासाठी मुद्दाम बुडवली गेली. तिचे गंजलेले तोफेचे बुरूज अजून पाण्यावर दिसतात. मुलांना लांबून वळसा घालून दाखवता येतं. त्यावर चढायला किंवा अगदी जवळ जायला बंदी आहे, सांगाडा खिळखिळा झालाय.

वाऱ्याबद्दल ताईंनी लिहिलं त्याला एक महत्त्वाची जोड. जमिनीकडून समुद्राकडे वारा असतो तेव्हा काठाजवळ पाणी अगदी शांत दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. धोका तेव्हाच सर्वात जास्त. हवेने फुगवलेला हंस, गादी किंवा स्वस्तातला फुगीर पॅडलबोर्ड बघता बघता आत जातो आणि मुलाच्या हाताने वल्हवून परत येत नाही. आल्टोनाला उत्तरेचा वारा असताना हेच होतं. माझी पिकनिकसाठी कळकळीची विनंती आहे की फुगवलेली खेळणी कोणी आणूच नयेत. पॅडलबोर्डवर पायाला दोरी बांधलेली हवी, कारण वाऱ्यात बोर्ड हे तुमचं तरंगणारं आधाराचं साधन असतं. कायाकवर लाइफजॅकेट हा तर कायदाच आहे. आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवायचं, म्हणजे दमल्यावर वाराच परत आणून सोडतो.

कोणाच्या मनात जेट स्की असेल तर तो विचार सोडा. त्याला बोटीचा परवाना आणि वेगळी नोंद लागते, आणि पोहणाऱ्या मुलांच्या आसपास ती मला नकोच वाटते.

माझ्या दोन्ही कायाक आणि जास्तीची लहान मापाची जॅकेट मी घेऊन येईन. एका वेळी दोन मुलं, एकेकाबरोबर एक मोठा माणूस.

क्लेटनहून

मी विद्यार्थिनी आहे, गाडी नाही. माझ्यासारखे बरेच जण यादीत आहेत. फ्रँक्सटन लाइनवर मॉर्डियालॉक, चेल्सी, फ्रँक्सटन या स्टेशनांपासून बीच चालत काही मिनिटांवर आहे. मॉर्डियालॉकला पीटर स्कलिन रिझर्व्हमध्ये सावली, खेळायची जागा, बार्बेक्यू सगळं आहे. राय किंवा रोजबड ठरलं तर आम्हाला कोणाच्या तरी गाडीत जागा मिळाल्याशिवाय येता येणार नाही. जागा ठरवताना कृपया हे लक्षात घ्यावं.

चेल्सीहून

टार्नीटच्या दादांचं म्हणणं पटलं. ज्यांना पोहता येत नाही अशी मोठी माणसं आणि शाळकरी मुलं एकत्र असतील तर ईस्टर्न बीच मी रोजबडच्याही आधी घेईन. कुंपणाच्या आत मुलं नजरेत राहतात. आजी-आजोबांना पाण्यापर्यंत पोचता येणं ही माझ्या लेखी छोटी गोष्ट नाही. ती दोन-तीन महिन्यांसाठी इथे येतात आणि त्यातले बरेच दिवस घरातच जातात. सेंट किल्डासारख्या काही बीचवर उन्हाळ्यात वाळूवर चटई टाकलेली असते आणि बीचची व्हीलचेअरही मिळते. ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी एरवीही जरूर जावं.

उन्हाबद्दल लिहायचं राहिलं. आपली सावळी कातडी भाजत नाही हा समज सोडून द्या. इथे फेब्रुवारीत दुपारचा यूव्ही (अतिनील किरणांचा) निर्देशांक १० च्या आसपास किंवा वर जातो, ढग असले तरी. मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे, टोपी, आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन. आजींना सुती साडीवर पदर डोक्यावर पुरतो, पण पायांना आणि हातांना लावा.

वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत दडलेला स्टिंगरे असला तर तो आधीच दूर जातो. आणि पोचल्यावर जवळची हिरवी इमर्जन्सी पाटी शोधून तिच्यावरच्या कोडचा फोटो काढून ठेवा. ००० ला फोन केलात तर तो कोड सांगितल्यावर मदत नेमक्या जागी येते. एवढ्या लांब किनाऱ्यावर 'शौचालयाजवळ, झाडाखाली' हे सांगून कोणाला काही कळत नाही.

आणि समितीला एक मागणं: लाइफ सेव्हिंग व्हिक्टोरिया आपल्यासारख्या स्थलांतरित समाजांसाठी पाण्यातल्या सुरक्षिततेचे वर्ग घेते. पिकनिकच्या आधी एक वर्ग आपल्या मोठ्या माणसांसाठी ठेवूया. संपर्क मी करते. मुलं इथे शाळेत पोहायला शिकतात, आणि त्यांना वाचवायला धावणाऱ्या आई-वडिलांना मात्र पोहता येत नसतं. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

समितीकडून

मंडळी, सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री समितीने बसून असं ठरवलं आहे.

यंदाची पिकनिक जिलाँगच्या ईस्टर्न बीचला. जिलाँगची गाडी सदर्न क्रॉसहून आहे, आणि स्टेशनपासून बीचपर्यंत पोचवायला चार गाड्या राखून ठेवू. विद्यार्थ्यांनी आपली नावं कळवावीत. ज्या दिवशी पाऊस होऊन पाण्याचा अंदाज वाईट येईल त्या दिवशी पाण्यात कोणी उतरणार नाही, हिरवळीवरच खेळ होतील. मोठ्या गटासाठी परवानगी लागते का ते कौन्सिलला आजच विचारतो आहोत.

मार्चमध्ये एका शनिवारी, ज्यांना हवं त्यांच्यासाठी, हाफ मून बेला कायाकची छोटी सकाळ. ती ब्लॅक रॉकचे दादा वारा बघून दोन दिवस आधी पक्की करतील आणि वारा पश्चिमेचा असेल तर रद्द होईल. त्यावर वाद नको.

फुगवलेली खेळणी आणि काचेच्या बाटल्या आणू नयेत. पाण्याजवळ पाळीपाळीने अर्धा-अर्धा तास फक्त मुलांकडे बघणारे दोघे जण लागतील, त्या वेळात हातात फोन नाही. पोहता येणाऱ्यांनी त्यासाठी या मेलला उत्तर द्यावं.

जेवणात मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि बार्बेक्यूवर कणसं. मठ्ठा कोण करणार?

– पिकनिक समिती