मदत हवी आहे : ग्रंथालय आणि कृषी विस्तार यांची सांगड कशी घालावी?

सर्वांना सादर नमस्कार. मी सोलापुरातील एका विद्यापीठीय ग्रंथालयात काम करते. डाळिंबावरील तेल्या आणि मर रोगांविषयी विचारणा करणारे आमचे विद्यार्थी बहुधा शेतकरी कुटुंबांतले असतात, त्यामुळे प्रश्न अभ्यासक्रमाचा कमी आणि घरच्या बागेचा अधिक असतो. केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र शहराला लागूनच आहे, मोहोळ व खेड येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, कृषिकोश या ऑनलाइन भांडारावर कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांचा संग्रह आहे. तरीही यातले फार थोडे बांधापर्यंत पोहोचते, कारण संदर्भ कसे शोधावेत हे ग्रंथपालाला, तर कोणत्या बहराआधी (फुलोऱ्याच्या हंगामाआधी) कोणती माहिती लागते हे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याला ठाऊक असते. (मृग बहराची टिपणे दिवाळीत देऊन काय उपयोग?)

म्हणून कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञांसोबत दर हंगामापूर्वी या संशोधनाचे मराठी सारांश तयार करावेत, असा माझा विचार आहे. आपल्यापैकी कोणी असे काम केले असल्यास कृपया सांगावे : सारांशाची अंतिम तपासणी कोणी करावी, विशेषतः फवारणीचे प्रमाण दिलेले असेल तेव्हा? मूळ लेखाच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न कसा सोडवला? लेखी करार आवश्यक ठरला, की विभागप्रमुखांच्या पत्रावर भागले? मागे असा एक प्रयत्न संबंधित अधिकाऱ्यांच्या बदलीबरोबरच थांबला, म्हणून कराराविषयी मी मुद्दाम विचारत आहे. नमुना मसुदा मिळाल्यास उपकृत होईन.