मिशनसाठी गावाला गेलात, तिथे काय घडलं? खान्देशातले अनुभव

उन्हाळ्याची सुट्टी लागली की धुळे, जळगाव, भुसावळच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधले, म्हणजे चर्चमधले, तरुण संघ सेवेसाठी गावांकडे निघतात. कुणी नवापूर-साक्रीकडे, कुणी थेट सातपुड्यात धडगावला. परत आल्यावर रविवारी साक्ष देताना किती गावं झाली, किती पत्रकं वाटली एवढंच सांगितलं जातं. तिथे कुणी काय म्हटलं, आपल्यात काय हललं, ते राहून जातं. ते इथे लिहा. ज्यांच्या गावात अशी पथकं येतात त्यांनी तर नक्कीच लिहा. कुणाची नावं मात्र नकोत. सुरुवात मीच करतो.

भुसावळ

मे महिन्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मुलांची सुट्टीतली बायबल शाळा घ्यायला गेलो होतो. चांदसैली घाट चढून पोचलो तर एकही मूल दिसेना. सगळी आंब्यांखाली. त्या दिवसांत तिकडे घरोघरी आमचूर चालतं. कैरी सोलायची, फोडी करायच्या, खडकावर वाळत घालायच्या. वळवाचा पाऊस आला तर फोडी काळ्या पडतात नि भाव उतरतो. वह्या-पुस्तकांचा, बी-बियाण्याचा पैसा त्यातूनच उभा राहतो. आमच्या संडे स्कूलच्या ताई म्हणाल्या, शाळा तिकडेच भरवू.

मग आम्हीही सोलायला बसलो. चिकानं हात काळे झाले. घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची बाप वाट पाहतो, तो बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला मी मराठीत सांगितला, पण लहान मुलांना तो आठवीतल्या एका मुलीनं त्यांच्या पावरी बोलीत सांगितला, आणि तिनं त्या धाकट्या मुलाला गुजरातला पाठवलं. पोरं एकदम गप्प झाली. कितीतरी जणांचे भाऊ तिकडे कामाला आहेत. बाप लांबून बघतो नि धावत सुटतो, ते तिनं हातातली सुरी खाली ठेवून, पळून करून दाखवलं. हा दाखला लहानपणापासून ऐकतोय. त्या बापाचं वाट पाहणं मला त्या आंब्याखाली कळलं.

धुळे

मी नर्स आहे, शिबिरांसोबत नवापूर तालुक्यात जाते. आदिवासी भागात सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, खूप. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता की मुलाला आजार होईल. थंडी पडली, पाणी कमी प्यालं गेलं, की सांधे असे ठणकतात की पोर अंथरुणावर लोळतं. असा एक मुलगा होता. आई म्हणाली, "सिस्टर, आधी प्रार्थना करा." गुडघे टेकून केली, मनापासून केली. लगेच त्याला पाणी पाजलं, पांघरूण घातलं आणि गाडी काढून चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात नेलं. 1942 पासूनचा तो दवाखाना, आजही कितीतरी पाड्यांचा आधार आहे. आईचा हात वाटेत सबंध वेळ माझ्या हातात होता.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. "विश्वास ठेव, गोळ्या सोड" असं बोलणारे पाहुणे वक्ते मी पाहिलेत. फॉलिक ॲसिड बंद केलेलं लेकरू महिन्याभरानं कसं दिसतं तेही पाहिलंय. असं बोलणाऱ्याला पथकात घेऊ नका. तसंच शिबिराच्या रांगेत कुणाचा धर्म विचारू नका, पुडीसोबत चर्चचं आमंत्रण देऊ नका. औषधाला अट नसावी. प्रभू येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, परत एकच आला, बाकीच्या नऊ जणांचं बरेपण त्यानं काढून घेतलं नाही.

शिरपूर

आम्ही गेलो त्या गावात एका म्हाताऱ्या बाबांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "कसाले उनात?" प्रार्थना करायला आलो म्हटलं. ते म्हणाले, "बठा मंग. घाई करू नका." संध्याकाळपर्यंत तेच बोलले, आम्ही ऐकलं.

नंदुरबार

नाताळात गाणी घेऊन एका गावी गेलो तर निम्म्या घरांना कुलपं. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीच्या सुमाराला परततात. तिथले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, माझी मंडळी बारडोलीकडे ऊसतोडीच्या पडावावर आहे, तिकडे चला. गेलो. उसाच्या पाचटाच्या खोप्या, मध्ये मोकळी जागा. माणसं अंधारात तोडीला गेलेली, रात्री परतली, हातपाय धुऊन तशीच बसली. डुलक्या घेत गात होती, पण उठलं कुणी नाही. पाळकांनी येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा उतारा वाचला. शेजारीच बैल बांधलेले. नाताळची उपासना मला तेव्हापासून सजवलेल्या देवळात पुरेशी वाटत नाही. ज्यांना डिसेंबरात जायचंय त्यांनी आधी विचारावं, गाव आहे कुठे.

नवापूर तालुका

मी गावाकडची. आमच्या आजीच्या आईच्या वेळेपासून घरात येशूचं नाव आहे, म्हणून पाहुण्यांनी आम्हाला पहिल्यापासून शिकवायला लागलं की वाईट वाटतं. तरी तुम्ही यावं असं मनापासून वाटतं. घरी उतरा, नागलीची भाकरी नि उडदाची डाळ खा. जुने कपडे आणू नका, गाठोडी सोडताना बायकांची मान खाली जाते. फोटो काढण्याआधी विचारा. सरपंच आणि पोलीसपाटलांना आधी सांगा, कारण तुम्ही निघून जाता, प्रश्न आमच्या पाळकांना विचारले जातात.

काय हवंय तेही सांगते. दहावीच्या मुलांना गणित शिकवणारं कुणी. जातपडताळणी नि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणारं कुणी. आणि आमच्या मावची बोलीतली गाणी शिकून घेणारं कुणी, म्हणजे उपासनेत तुम्ही आमच्यासोबत गाल. भात कापून झाला की सुगीचा सण करतो. धान्य, कोंबड्या, भोपळे वेदीपुढे ठेवतो, मग लिलाव, मग प्रीतिभोजन. त्याला या. तारीख पाळक ठरवतात, त्यांना आधी फोन करा.