मदत हवी आहे: पगार वाढवणं आपल्या हातात नसताना शिक्षकांचा हुरूप कसा वाढवायचा?

खडूफळा: जूनपासून हायस्कूलचं मुख्याध्यापकपद माझ्याकडे आलंय. शिक्षक चांगले आहेत, पण तास घेतला की मोकळे. जादा काही करायला कुणी तयार नाही. शनिवारी संस्थेच्या सभेत ठोस काही मांडायचंय. सहल काढा, सत्कार करा असल्या याद्या नकोत. स्वतः करून पाहिलेलं सांगा, लवकर.

नववी_ब: शाळा अनुदानित की विनाअनुदानित? की २० टक्के अनुदानावर? पगारच पुरता नसेल तर बाकीचं बोलूच नका.

तुकडीवाला: आम्ही दरमहा गुणी शिक्षक निवडतो, फोटो फलकावर लावतो. खूप फरक पडला. हेच करा.

नववी_ब: @तुकडीवाला, उरलेल्यांना काय वाटतं ते विचारलंत कधी? माझ्या आधीच्या शाळेत फोटो ठरावीक लोकांचेच लागायचे. बाकीच्यांनी मग विज्ञान प्रदर्शनाला मुलं न्यायचंही सोडलं.

तुकडीवाला: तो त्या शाळेचा दोष. आमच्याकडे दहावीची मुलं चिठ्ठ्या टाकून निवडतात.

पाठ_टाचण: पगार आणि हुरूप यांच्याबद्दल हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलंय. पगार, नोकरीची हमी, वरिष्ठांचं वागणं बिघडलं की माणूस नाराज होतो. ते सुधारलं म्हणून हुरूप येतोच असं नाही. तो येतो कामातून, जबाबदारीतून, कुणीतरी दखल घेतल्यामुळे. मात्र त्याने अभ्यासले ते पिट्सबर्ग भागातले अभियंते आणि हिशेबनीस. शिक्षकांना जसंच्या तसं लावू नका.

सेवाज्येष्ठ: १२ वर्षं झालेल्यांचे वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रस्ताव पाठवलेत का? २४ वर्षांनी निवडश्रेणी. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका.

खडूफळा: सर, पैशाचा प्रश्नच नाही, शीर्षक बघा. शाळा १०० टक्के अनुदानित, पगार शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून होतो. उदाहरण देते. विज्ञानाच्या बाई पूर्वी शाळा सुटल्यावरही प्रयोगशाळा उघडी ठेवायच्या. आता कपाटांना कुलूप.

मधली_सुट्टी: कुलूप कधीपासून? रजेवरच्यांचे तास कुणाला जातात?

खडूफळा: दोन वर्षं झाली म्हणतात. बदली तास बहुतेक त्यांनाच, कारण त्या नाही म्हणत नाहीत. युडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची ऑनलाइन माहितीही त्याच भरतात, संगणक येतो म्हणून.

मधली_सुट्टी: मॅडम, मग हुरूप कुठे गेला ते तुम्हीच सांगितलंत. जो करतो त्याच्याच गळ्यात सगळं पडतं, हे बाकीचेही बघत असतात. मी पर्यवेक्षक असताना बदली तासांची वही शिक्षक खोलीत सगळ्यांसमोर ठेवली. कुरकुर थांबली, लोक आपणहून तास मागून घ्यायला लागले. बाईंना आठवड्यातून एक जोडतास प्रयोगासाठी द्या आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. ऑनलाइन माहिती लिपिकाला शिकवा. आणि तास बघून आलात की लॉगबुकात फक्त त्रुटी लिहू नका. काय आवडलं तेही नेमकं लिहा. शिक्षक ती ओळ पुन्हा पुन्हा वाचतात.

नववी_ब: आणि बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम? शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २७ मध्ये अशैक्षणिक कामाला मनाई आहे.

पाठ_टाचण: त्याच कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळलीय. वेगळा धागा काढा.

खडूफळा: @मधली_सुट्टी, उद्या बाईंशी बोलते. वहीत रकाने कोणते होते?

मधली_सुट्टी: तारीख, रजेवर कोण, कितवा तास, कुणी घेतला. महिनाअखेर प्रत्येकाची बेरीज. त्यात स्वतःचंही नाव घाला, तुम्हीही बदली तास घ्या.

सेवाज्येष्ठ: प्रस्तावाचं तेवढं बघा मात्र.