दुसऱ्या सिझरला पोट पिनांनी का बंद करायचं?

गोदाकाठची: माझं मत स्पष्ट आहे. पोट दुसऱ्यांदा त्याच जागी उघडलं, तर वरची कातडी पिनांनी न जोडता आतून विरघळणाऱ्या टाक्यांनीच शिवावी. अमेरिकेत ७४६ बायकांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पिनांच्या गटातल्या १०.६ टक्के जणींना जखमेचा काही ना काही त्रास झाला, टाक्यांच्या गटात ४.९ टक्के. शिवाय पिना काढायला ओल्या बाळंतिणीने सुरगाण्याहून एसटीने नाशिकला यायचं का?

ओटीवाला: आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही त्यातून संसर्गाचा अर्थ काढू नका. पिनांच्या गटातला जास्तीचा त्रास मुख्यतः जखम उसवण्याचा होता. संसर्गात ठळक फरक दिसला नाही. पू होणार की नाही हे बरंचसं आधीच ठरतं: अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच्या तासाभरात गेलं का, साखर किती, पोटावर चरबी किती. दुसऱ्या सिझरला आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात, मूत्राशय वर ओढलेलं असतं. ते सोडवण्यातच वेळ जातो आणि ऑपरेशन लांबलं की धोका वाढतो. अशा वेळी पिनांमुळे वाचणारी आठ-दहा मिनिटं मला हवी असतात.

गोदाकाठची: रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तर जरूर मारा पिना, कोण अडवतंय? पण ठरवून केलेल्या सिझरलाही घाई कशाची? उसवलेली जखम म्हणजे रोजचं ड्रेसिंग, आणि बाळाला पाजायला वळतानासुद्धा कळ. संसर्ग नाही म्हणून तो त्रास हलका होत नाही.

सिन्नरची सिस्टर: ड्रेसिंग मी करते म्हणून लिहिते. पू झालाच तर दोन पिना काढून तेवढाच भाग मोकळा करता येतो. आतून सलग घातलेला टाका एका जागी कापला की शेजारची शिवणही सैल पडते. आणि घरी काय चालतं तेही बघा. पोट आत जावं म्हणून ओल्या ड्रेसिंगवर घट्ट कापड बांधतात, वर हळद दाबतात. जखम दिवसभर घामात कुजते. आधी हे बंद करा.

निफाडकर: वडिलांचं आतड्याचं दुसरं ऑपरेशन झालं, उभा चिरा होता. पू झाला, जखम उघडीच ठेवली, पुढे हर्निया आला. आम्ही पिनांनाच दोष देत बसलो.

ओटीवाला: उभ्या चिऱ्यात हर्निया कातडीखालच्या मजबूत पडद्याच्या शिवणीतून येतो, पिनांचा त्यात संबंध नाही. २०१५ च्या डच चाचणीत त्या पडद्याला पाच-पाच मिलिमीटरवर बारीक टाके घातले, तेव्हा वर्षभरातले हर्निया २१ वरून १३ टक्क्यांवर आले. आणि आतड्यातली घाण पोटात सांडली असेल तर कातडी काही दिवस उघडी ठेवणं हा निष्काळजीपणा नव्हे, उपचार आहे. संसर्गासाठी मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. भारतासह सात देशांतल्या २०२२ च्या चाचणीत पोट शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे आणि हत्यारं बदलली, तेवढ्याने संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. पिना-टाक्यांवर भांडण्यापेक्षा याचा आग्रह धरा.

गोदाकाठची: दोन्हींचा धरू. नणंदेचं दुसरं सिझर पुढच्या महिन्यात आहे. हातमोज्यांचं विचारतेच, आणि चरबीचा थर दोन सेंटिमीटरहून जाड निघाला तर तो वेगळा शिवणार का, हेही. पण वरून टाकेच घाला म्हणून सांगणार.

ओटीवाला: चरबीचं जरूर विचारा. टाक्यांचा शब्द मात्र आधी घेऊ नका, आत काय सापडतं ते पाहूनच ठरू द्या.